शकूआक्काचा उजवा हात

पंचवटी, नाशिक
४ फेब्रुवारी २००६

सौ. मोहिनीस शकूआक्काचे आशीर्वाद. तू, वाल्मीकराव आणि मयूर खुशाल असाल. घोटीला थंडी इकडच्यापेक्षा जास्त, तेव्हा जपून असा.

अक्षर माझं नाही हे तू बघितलंच असशील. शेजारच्या लताबाई लिहून देतायत. बालवाडीच्या बाई होत्या, त्यामुळे माझं बोलणं सरळ करून लिहायला बघतात. मी म्हटलं, तसं नका करू, माझ्या बहिणीला कळायला पाहिजे कोण बोलतंय ते.

बातमी अशी की, दसऱ्यानंतर आठ दिवसांनी मला झटका आला. सकाळी दुकान लावत होते. झेंडूची पाटी हातातून सुटली, मला वाटलं पाटीच जड असेल. उजवी बाजू गेली होती. बोलणं महिन्याभरात परत आलं. पाय ओढत का होईना, चालते. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहतो, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा. दुकान बंद आहे. देवळाकडे जाणारी जुनी गिऱ्हाइकं दारापाशी थबकतात आणि पुढच्या दुकानाकडे वळतात. मी खिडकीतून बघते. लताबाई आल्या तर बोलणं होतं, नाहीतर दिवसभर तोंड मिटलेलं.

तेव्हा तुला कळवलं नाही. आपण तरी इतक्या वर्षांत एकमेकींना कुठे काय कळवतो?

आता कामाचं लिहिते. गंगापूर रोडला एका दवाखान्यात मी व्यायामाला जाते. तिथल्या रूपाली मॅडम हातांचा आणि मेंदूचा अभ्यास करतायत. त्यांनी माझ्या डोक्यावर बारीक तारांची टोपी घातली आणि डाव्या हाताने मूठ उघड-मीट करायला सांगितली. मेंदूच्या लहरी कागदावर उमटल्या. गप्प बसले होते तेव्हा उंच, हात हलवायला लागले तशा चपट्या. मग हात स्थिर ठेवायला सांगून टीव्हीवर नुसते दुसऱ्याचे हात दाखवले. पेटी वाजवणारे हात बघताना लहरी जराशा खाली बसल्या. हार करणारे हात दिसले तशा चांगल्याच खाली गेल्या.

मी म्हटलं, "मॅडम, मी तर काहीच केलं नाही."

त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही नाही केलंत, पण डोक्याने केलं. हात चालवताना मेंदूचा जो भाग जागा होतो, त्यातला काही भाग नुसतं बघतानाही जागा होतो. आपल्याला येणारं काम असलं तर जास्तच."

वचन त्या देत नाहीत. पण म्हणाल्या, रोज कुणालातरी समोर बसवून ते काम बघा आणि त्याच्याबरोबर हात हलवायचा प्रयत्न करा, काहींना फरक पडतो.

बाजारात जाऊन बसले. पण तिथे आता सगळे सुईने भराभर ओवतात. आपल्यासारखं दोन फुलं इकडे, दोन तिकडे, मधून दोऱ्याचा वेढा आणि अंगठ्याने आवळायचं, असं कुणी करत नाही. आईने आपल्या दोघींना एका पाटावर बसवून शिकवलं. ती गेली. माझा हात असा. राहिलीस तू.

आठ दिवस येशील का? समोर बसून गजरे कर, एवढंच. बोलली नाहीस तरी चालेल.

आईच्या वेळी तुला निरोप उशिरा मिळाला. तेव्हा धावपळच तशी होती. असो.

वाट बघते म्हणायचा हक्क नाही, तरी बघते.

तुझी आक्का


पंचवटी, नाशिक
९ एप्रिल २००६

मोहिनी,

हे अक्षर माझं. डाव्या हाताचं आहे, ओळी वर चढतात, सांभाळून घे. लताबाईंना सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून रोज दुपारी थोडं थोडं लिहिते. आज सहावा दिवस.

तू पोचल्याची चिठ्ठी मिळाली. मयूरचे पेपर चांगले गेले, ऐकून बरं वाटलं.

तू पत्राला उत्तर पाठवलं नाहीस, सरळ पिशवी घेऊन दारात उभी राहिलीस. मी डाव्या हाताने पाट पुढे सरकवला. तूच म्हणालीस, "आठ दिवस ना? मग माझ्या हातांकडे बघायचं, तोंडाकडे नाय." आणि मोगऱ्याची पुडी सोडून बसलीस. पहिले दोन दिवस आपण खरंच बोललो नाही. घरात दोऱ्याचा आवाज तेवढा यायचा. मला तेवढाही पुष्कळ होता.

चौथ्या दिवशी तू वेढा घेतलास आणि माझा अंगठा हलला. मला कळलंच नाही, तू ओरडलीस, "आक्का, हालला! परत कर!" परत काही होईना. मग तू पुन्हा गाठ मारलीस, तेव्हा पुन्हा हलला. तू फुलं सांडून माझा हात तुझ्या गालाला लावलास. त्या हाताला स्पर्श नीट कळत नाही, पण तुझं रडणं ओलं लागलं.

रूपाली मॅडमनी तुला माझ्यासमोर बसवून मला पुन्हा टोपी घातली, तुला कागद दाखवला. तू विचारलंस, "म्हंजे मी करते ते हिच्या डोक्यात चालू होतं?" त्या म्हणाल्या, "थोडंफार तसंच." घरी येताना रिक्षात तू सगळी वाट हसत होतीस.

आता जे लिहायचं ते लिहिते.

सहाव्या दिवशी, गजरा करता करता, मान वर न करता तू विचारलंस, "आक्का, आईचा राग शेवटी गेला होता का गं? काही म्हणाली का माझं?"

मी म्हटलं, "तिला बोलताच येत नव्हतं गं."

तू म्हणालीस, "हां, बरोबर." आणि दोरा दातांनी तोडलास. त्यानंतर दोन दिवस तू माझं सगळं केलंस. वेणी घातलीस, भाकरी कुस्करून दिलीस. जाताना माझ्या पाया पडलीस. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

मोहिनी, आईला बोलता येत होतं. जीभ जड झाली होती, पण कळत होतं. झटका येऊन ती पडली, त्यानंतर तीन दिवस होती, आणि तिन्ही दिवस तुझं नाव घेत होती.

तू वाल्मीकरावांबरोबर गेलीस तेव्हा आई म्हणाली होती, या घराचा उंबरा चढू नको. ते तू ऐकलंस आणि तेवढंच घेऊन गेलीस. पुढची चार वर्षं मी ऐकली. सणाला ती तुझ्या नावाची पोळी बाजूला काढून ठेवायची आणि संध्याकाळी गाईला घालायची. मी कधी तुला सांगितलं नाही.

सत्त्याण्णवची महाशिवरात्र दोन दिवसांवर होती. ऑर्डरी घेऊन ठेवलेल्या, म्हणून मी तिच्या खाटेशेजारी बसून हार करत होते. ती म्हणाली, "मोहिनीला फोन लाव." तुमच्या शेजारच्या भाताच्या गिरणीचा नंबर डब्यात होता. मी बूथवर गेले. घोटीचा कोड फिरवला आणि रिसीव्हर खाली ठेवला. घरी येऊन सांगितलं, लागत नाही. ती म्हणाली, "परत लाव." मी परत गेले, कोपऱ्यावर उभी राहिले आणि परत आले. असं तीन दिवस. ती गेल्यावर, सगळं उरकल्यावर मी घोटीच्या ट्रकवाल्याकडे निरोप दिला. तू दहाव्याला आलीस आणि मी गर्दीत तोंड लपवलं.

का केलं, ते खरं सांगते. मी दीड वर्ष नांदून परत आले तेव्हापासून मला आईशिवाय कुणी नव्हतं. तुला आवडीचा माणूस होता, पोर होतं. मी तिचं हगणं-मुतणं काढत होते आणि ती दाराकडे बघून विचारायची, मोहिनी आली का? मला वाटलं, जी सोडून गेली तिलाच सगळं मिळतं. एवढं तरी तिला मिळू नये. बस, एवढंच होतं. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

अजून एक. दाराकडे बघत नसे तेव्हा ती माझ्या हातांकडे बघायची. तासन् तास. मला राग यायचा, वाटायचं, पडल्या पडल्या चुका काढते. तिचाही उजवाच हात गेला होता. आता रूपाली मॅडमच्या त्या कागदावरून मला कळतंय, ती चुका काढत नव्हती. ती माझ्याबरोबर हार करत होती. हात हलत नव्हता तरी गाठ मारत होती. मी स्वतःला त्या खोलीत एकटी समजत होते, आणि ती माझ्यासोबत कामाला बसली होती.

हे वाचून तू पुन्हा येणार नाहीस, ते मी धरून चालले आहे. यायला सांगणारही नाही. लताबाईंना थोडं शिकवलंय, त्या वेडेवाकडे का होईना गजरे करून दाखवतात. माझी काळजी करू नको आणि माझ्यावर दया म्हणून काही करू नको. पण जे तुझं होतं ते तुझ्याकडे पोचायला पाहिजे. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने मला जवळ बोलावलं आणि माझ्याकडून तिचे शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले, मी विसरू नये म्हणून. विसरले नाही. जसेच्या तसे लिहिते:

"मोहिनीला म्हणावं, मी रागात बोलले. माझा राग नाय. वाल्मीकला घेऊन ये म्हणावं, आन् जेवून जा."

निरोप पोचवायला नऊ वर्षं लावणारी,
शकू