डाळजला आलेलं बेणं

प्रिय दादा,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. उपचाराला तू नकार दिलास हे मुक्तावहिनीकडून कळलं आणि मी तुझ्यावर भयंकर चिडलेय. पण आज वर्गात जे पाहिलं, ते तुला आधी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नववीच्या मुलांना कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत होते. विटा रचाव्यात तशा पेशी आणि प्रत्येकीत कडेला एक ठिपका, केंद्रक. मग स्वरूपानं स्वतःच्या गालाच्या आतून काडी फिरवून काचेवर टेकवली. तिथंही ठिपका, फक्त मधोमध. पोरगी भिंगावरून डोळा हलवीना. म्हणाली, "बाई, कांद्यात बी हाय अन् माझ्यात बी हाय!" इतकी वर्षं हेच शिकवतेय, तरी अंगावर काटा आला. अख्खा कांदा, अख्खी स्वरूपा कशी घडवायची, ते त्या एवढ्याशा ठिपक्यात भरलेलं असतं.

मला तुझा ऊस आठवला. माझ्या लग्नाच्या वर्षी तू निरवांगीहून ट्रॉली भरून बेणं डाळजला आणलंस. सासरे आभार मानायला लागले, तर म्हणालास, "तात्या, बेणं दिल्यानं कमी होत न्हाय." कांडीवरच्या एकेका डोळ्यातून ऊस उठला, पुढं त्याचंच बेणं लावत गेलो. आजही आमच्या रानातलं कुठलंही पान घे, त्याच्या पेशीपेशीत तुझ्याच उसाचं केंद्रक आहे, नकलेवर नक्कल होत आलेलं. केवढं नवल आहे हे, दादा!

गेल्या महिन्यात माझ्याही गालातून अशीच काडी फिरवून नेली होती. डॉक्टर म्हणाले, तुझ्याशी पूर्ण जुळतंय. तुझ्या हाडांतली मज्जा रक्त बनवेनाशी झालीय. माझी थोडी दिली तर तिथं रुजेल. मी आनंदानं नाचायचीच बाकी होते. आणि तू वहिनीला काय सांगतोस, तर "बहिणीला द्यायचं असतं, तिच्याकडनं घ्यायचं न्हाय." तुझ्या या मानापायी ती माउली धड जेवतसुद्धा नाही.

माझी मज्जा पुन्हा भरून येते, हे डॉक्टरांना विचारून घेतलंय. तुझ्या रक्तात माझी केंद्रकं येतील खरी, पण माझ्याकडं तरी ती कुठून आली? आई-आबांकडूनच ना? घरचंच बेणं घरी येतंय, आणि ते दिल्यानं कमी होत न्हाय. सोमवारी मी पुण्याला दवाखान्यात पोचतेय, तूही ये. भाऊबीजेला यंदा साडी आणू नकोस. मला ओवाळायला पाटावर तू हवा आहेस.

तुझीच,
प्राची