दाराआड भुंकणारे भावोजी

ती. अनंतदादास,

विक्रोळीहून धाकट्या नलूचा वाकून नमस्कार (गुडघे हल्ली वाकू देतात तेवढा). तुझी शुगर आटोक्यात आहे ना? वहिनीची कंबर काय म्हणते? आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या भावोजींचा घसा तेवढा बसलाय, आणि तो का बसला हे सांगायलाच हे पत्र. फोनवर सांगता आलं नसतं. आमचं घर तू पाहिलंयस. इकडे कुजबुजलं की तिकडे ऐकू जातं, आणि हे दिवसभर दाराला चिकटून असतात.

झालं असं, की फेब्रुवारीत शेजारच्या बिल्डिंगमध्ये भरदुपारी दोन घरं फुटली. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात संरक्षण शिरलं. तीस वर्षं कारखान्याच्या पेंट खात्यात काढली, पण रिटायर झाल्यापासून लष्करातून परत आल्यासारखे वागतात. मी म्हटलं, दाराला लोखंडी जाळी लावू. तर म्हणाले, जाळी आलेल्या चोराला अडवते; आपल्याला चोराला यावंसंच वाटू द्यायचं नाही. म्हणून कुठून तरी अकरा नंबरचे जुने बूट आणून दाराबाहेर ठेवले, की घरात कोणी धिप्पाड माणूस राहतो असं दिसावं (हे स्वतः सहा नंबर घालतात). तिसऱ्या दिवशी बूट चोरीला गेले. ह्या घरात राहायला आल्यापासून आमच्या दारातून गेलेली ती पहिली वस्तू.

मग पाटी आली, ‘कुत्र्यापासून सावध राहा’. कुत्रा नाही. मला मांजर नुसतं समोरून गेलं तरी शिंका येतात, कुत्रा कुठला पाळतेय! पण पाटी लागली आणि गॅसवाला सिलिंडर तळमजल्यावरच ठेवून पळायला लागला, कुरियरवाला खालून बोंबलायला लागला, आणि वीस वर्षं माझ्या उंबऱ्यावर टोपली टेकवणारी कृष्णाबाई कोळीण जिन्यातूनच बांगडे दाखवायला लागली (दुरून बांगड्याचा ताजेपणा कळतो होय?). तिला खरं सांगायला जावं तर हे डोळे वटारणार. वर ती बिचारी कुत्र्यासाठी म्हणून रोज माशांची डोकी फुकट द्यायची. त्यांचं सार हेच चवीने जेवायचे.

पुढे ह्यांना वाटलं, नुसत्या पाटीवर चोर कशाला विश्वास ठेवेल, आवाज पाहिजे. मोबाइलवर भुंकणं लावून पाहिलं, तर मध्येच साबणाची जाहिरात लागली. शेवटी स्वतःच सुरू झाले. बेल वाजली की दाराशी चार पायांवर (आवाज कुत्र्याच्या उंचीवरून यायला हवा म्हणे) आणि मग जे सुरू व्हायचं! सोसायटीच्या सेक्रेटरी अनुपमा मॅडम ह्याच आवाजाची तक्रार घेऊन आल्या, तर त्यांच्यावरही भुंकले. त्या बाहेरूनच ओरडल्या, “लवूकाका, आधी त्याला आत बांधा, मग बोलू!” त्या दिवशी ह्यांनी आनंदाने दोन वेळा चहा घेतला.

हसतोयस ना? मीही दोन महिने हसत होते. गेल्या मंगळवारी दुपारी तीनला बेल वाजली. मी मोरीत भांडी घासत होते. बाहेर दोन माणसं, म्हणे गॅसचा पाइप चेक करायचाय (आमच्याकडे सिलिंडर, पाइप कसला डोंबलाचा?). हे भुंकायला लागले. तर दाराखालच्या फटीतून एकामागून एक तीन बिस्किटं आत सरकली! मेले पाटी वाचून तयारीनेच आले होते. आणि दादा, हे एकदम गप्प. (नंतर विचारलं तर म्हणाले, बिस्किट मिळाल्यावर कुत्रा भुंकतो का?) बाहेरच्यांना वाटलं, कुत्रा खाण्यात गुंतलाय आणि घरात माणूस कोणी नाही. कुलुपात काहीतरी खुपसल्याचा आवाज आला. दार हलायला लागलं. मी धावत पुढे आले, तर ह्यांनी एका हाताने मला मागे ढकललं आणि गुडघ्यांवरूनच गरजले, “कोण रे तो मेल्या? थांब, भायर येतंय!”

आता विचार कर. आत्तापर्यंत बिस्किटं खाणारा कुत्रा मालवणीत बोलायला लागला! दोघे जे सुटले ते जिन्यात थेट कृष्णाबाईच्या टोपलीवर. एक निसटला. दुसऱ्याची कॉलर तिने धरली ती पोलीस येईपर्यंत सोडली नाही. वर मलाच विचारते, “अगो नलू, तुजा कुत्रा मानसासारका बोलतंय काय गो?”

हवालदाराने जबाबात ‘घरातील कुत्रा भुंकल्याने’ असं लिहिलं आणि कुत्रा कुठाय म्हणून विचारलं. ह्यांनी खाली मान घालून, मीच, म्हणून सांगितलं. त्याची खात्री पटेना, म्हणून चौकीत भुंकून दाखवावं लागलं. तिथल्या दारात झोपलेली दोन खरी कुत्री उठून उभी राहिली.

घरी आल्यावर मात्र हे दार लावून तिथेच दाराला पाठ टेकून खाली बसले, चहालाही उठेनात. मग मीच कप तिथे नेऊन दिला. चाळीस वर्षांच्या संसारात मला असं कोणी मागे ढकललं नव्हतं.

वहिनीला आठवण सांग.

तुझी,
नलू

ता. क. – तुझ्या जान्हवीच्या लग्नाला हे यायला तयार नाहीत. म्हणतात घर रिकामं सोडायचं नाही. भाचीचं लग्न, आणि मी एकटी कशी उभी राहू मांडवात? तर तू त्यांना वेगळं पत्र लिही, की आपल्या गावात चोर सुटलेत, लग्नघरात दागिने आहेत आणि भावोजींइतका अनुभवी माणूस पंचक्रोशीत नाही. धावत येतील.

आणखी एक – हळद अकराची ना? माझं तिकीट सहा तारखेचं काढून झालंय, एकटीचंच. तेव्हा तुझं ते पत्र जरा उशिरा टाक, त्यांना नऊला मिळालं तरी पुरे. तुमच्या पडवीत, दार सताड उघडं टाकून, चार दुपारी झोपायचंय मला.