मस्कतच्या मॅडमना पाठवायचा सईचा व्हिडिओ

दुक्म (ओमान), ३ फेब्रुवारी २०१७, शुक्रवार

माफ कर बाबा वही, फार उशीर झाला. दिवाळीनंतर एक ओळ लिहिली नाही. देवगडहून इथे मुलाकडे, महेशकडे आलो आणि आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही.

सई पाच पूर्ण झाली. एकुलती एक नात. अजून आई म्हणत नाही, आजोबा म्हणत नाही. पाणी हवं असलं की माझा हात धरून फ्रिजपर्यंत नेते आणि माझ्याच हाताने दार उघडवते. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ऑटिझम. मराठी पेपरात स्वमग्न लिहितात. पाण्याचा टँकर आला की किंचाळते, ती कसली मग्न?

नाव सांगितलं, पुढे करायचं काय ते नाही सांगितलं. "बडे शहर में दिखाओ." इथे शहर कुठलं? बंदर, क्रेन, वाळू आणि कंत्राटावरचे पुरुष. महेशच्या कंपनीच्या वसाहतीत बायकामुलं असलेली घरंच थोडी.

६ फेब्रु., सोम.

सून अश्विनी आणि मी दवाखान्यात. नर्स केरळची, स्वभावाने चांगली. "अंकल, स्पीच थेरपिस्ट इथे नाही. येणार असं ऐकते, इन्शाल्ला." इन्शाल्ला ऐकून आता कान किटले. तिने दिलेल्या नंबरवर फोन केला, त्यांनी दुसरा दिला. दुसऱ्याने विचारलं, आठवड्यातून तीनदा मस्कतला आणाल का? अहो, एकदा जायचं तरी दिवस मोडतो.

शेजारचा तिवारी म्हणे, मेरा लड़का भी देर से बोला. विचारलं, तुमचा मुलगा हाक मारली की वळून बघत होता का? चहा अर्धा टाकून उठून गेला.

अश्विनी रागावली. "बाबा, लोकांशी भांडू नका. इनमिन चार घरं आहेत."

चारच आहेत, म्हणून तर तिवारीचं ऐकायची वेळ येते.

११ फेब्रु., शनि.

डॉम्निकचा फोन. वसईचा डॉम्निक. मस्कतच्या गाला भागातल्या गॅरेजात तो गाड्यांचे पोचे काढणारा डेंटर, मी पेंटर, अर्धं आयुष्य एकत्र गेलं. मी देवगडला परतलो, तो तिथेच, दार्सैत भागात राहिला. त्याने मस्कतमध्ये अशा मुलांचं एक खाजगी सेंटर शोधलं. चालवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. एप्रिलपासून एकच जागा आहे.

"पेंटर, मी त्यांच्या दारात एवढा वेळ बसलो की वॉचमनला वाटलं, मीच ॲडमिशनला आलोय."

मॅडम म्हणाल्या, लांबून धावत येऊ नका, आधी व्हिडिओ पाठवा. व्हॉट्सॲपचे कॉल या देशात बंद, म्हणून व्हिडिओ. तो बघून ठरवणार.

जागा मिळाली तर अश्विनी आणि सई डॉम्निकच्या घरी एका खोलीत राहतील, महेश सुट्टीला जाऊन येईल. नाही मिळाली तर दोघी माझ्याबरोबर देवगडला. माझा व्हिजा मार्चअखेर संपतो. आणि देवगडात तरी कोण बसलंय? घाट चढून कोल्हापूरच. महेश इथे एकटा पडेल तो वेगळाच.

१७ फेब्रु., शुक्र.

व्हिडिओ काढला. अश्विनीने सईला वाढदिवसाचा फ्रॉक घातला, दोन वेण्या, पावडर. महेशने मोबाइल धरला. मी त्याच्या मागे बिस्किट घेऊन. डबे एकावर एक रचायला सईला आवडतं, ते रचून घेतले. मी "सई" म्हणायचो आणि बिस्किट वर करायचो, ती बघायची. नेमकं तेवढं घेतलं. मध्ये किंचाळली ते महेशने कापून टाकलं.

"हे कशाला दाखवायचं, बाबा? घेणार नाहीत."

मलाही पटलं. मुलगी बघायला येतात तेव्हा तिचा खोकला कोणी सांगतं का? तयार झाल्यावर तिघांनी परत परत पाहिला. काय गुणी दिसते पोर! अश्विनीला रडू आलं.

२२ फेब्रु., बुध.

मॅडमचा आवाजी निरोप आला. "मुलगी छान प्रतिसाद देतेय. जागा एकच आहे, आणि जास्त गरज असलेली मुलं थांबली आहेत. तुम्ही सध्या घरीच खेळ घ्या."

महेश म्हणाला, "म्हणजे पास झाली की नापास?"

जेवण कोणाला गेलं नाही.

संध्याकाळी डॉम्निकला सांगितलं, तर फोनवरच ओरडला. "अक्कल गहाण टाकलीस काय रे? माझ्याकडे गाडी ठोकलेलीच यायची ना? तू तर आधीच रंग मारून बसलास!" मग स्वतःच मॅडमकडे गेला. त्या आणखी थोडे दिवस थांबतील. म्हणाल्या, जसं आहे तसं पाठवा. त्रास होतो तेव्हाचं. मिनिटभर मध्ये पडू नका.

२६ फेब्रु., रवि.

आता पोर शहाणी झाली! गुरुवारपासून आवाज नाही. आम्ही मोठी माणसं मोबाइल घेऊन तिच्या मागे, कधी बिघडते म्हणून. असली वाट बघायची पाळी यावी.

अश्विनी म्हणाली, "बाबा, टँकर बोलावू का?"

पाण्याच्या टँकरची मोटर सुरू झाली की सई भिंतीवर डोकं आपटते. आम्ही त्या वेळी तिला आतल्या खोलीत उशांमध्ये घेऊन बसतो. आणि आता मुद्दाम? म्हटलं, जीभ कशी रेटते तुझी? दिवसभर तिच्याशी बोललो नाही.

तिला तरी दुसरं काय सुचणार. मला काय सुचलंय?

१ मार्च, बुध.

टँकर आला. बोलावलेला नव्हे, नेहमीचा. महेश कामावर. अश्विनी म्हणाली, मला नाही बघवणार, तुम्ही धरा. धरला मोबाइल. मोटर सुरू झाली. सईने कानांवर हात घेतले, मग भिंतीकडे गेली. पहिला आवाज आला आणि

मोबाइल पडला की मी टाकला, सांगता येत नाही. तिला धरलं. मनगटाला चावली. मोटर थांबेपर्यंत तशीच धरून बसलो.

महेशने घरी येऊन बघितलं. फरशी आणि सोफ्याचा पाय. बाकी नुसता आवाज. मोटर, तिचं ओरडणं, आणि मी. काय बोलत होतो ते मलाच ठाऊक नव्हतं. "नको गो बाय, माका मार, माका मार."

महेशने तो पहिल्यापासून परत लावला. मग म्हणाला, "ह्येच्यात कायच दिसणा नाय. पुढच्या टँकरला परत काढूया."

"परत नाही," अश्विनी म्हणाली. नवऱ्याशी असं तोडून बोललेली मी पहिल्यांदा ऐकली.

३ मार्च, शुक्र.

तोच पाठवला. खाली मराठीत मीच लिहिलं, सातवी शिकलेल्याला जमलं तसं. "मॅडम, यात मुलगी दिसत नाही. मोबाइल मी धरला होता, मला मिनिटभर धीर निघाला नाही. पण आवाज खरा आहे, तो ऐका. आधीच्या व्हिडिओत आम्ही तिला सजवली होती."

महेश म्हणतो, नियम म्हणजे नियम, हा चालणार नाही.

५ मार्च, रवि.

व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा कालच आल्या. म्हणजे पाहिला असणार. उत्तर नाही. डॉम्निक सेंटरवर जाऊन आला, मॅडम कामात होत्या.

अश्विनीने बॅग काढून पलंगावर ठेवली आहे. विचारते, मस्कतचे कपडे भरू की देवगडचे? मी काय सांगू?

मॅडम, होय असेल तर होय, नाही असेल तर नाही. पण कळवा हो. लवकर कळवा.