वळणाआधीची पाटी

३ मार्च
झाल्या सुरू! हमरस्त्यावरच्या वेगाच्या पाट्या आजपासून माझ्या हातात. पुढे कोंडी झाली की मी कंट्रोल रूममध्ये बसून आकडा बदलायचा — शंभरचे ऐंशी, ऐंशीचे साठ — आणि कॅमेऱ्यात अख्खा रस्ता दमानं चालायला लागतो. कचकन ब्रेक नाही, आदळआपट नाही. मी खुर्चीतच गर्रकन गिरकी घेतली. साहेबांनी पाहिलं. पाहू देत!

आईचं मत: जिला गॅस बंद करायची आठवण राहत नाही, ती रस्ता चालवणार.

४ मार्च
सगळे ऐकतात, बाबा सोडून. त्यांचा टँकर रोज याच रस्त्यानं जातो. जन्मभर डोळ्यांनी गाडी चालवली, आता पोरीच्या दिव्यांनी चालवू का, म्हणतात. गेल्या वर्षी याच रस्त्याच्या आंधळ्या वळणावर थोडक्यात वाचले. आईला अजून पत्ता नाही.

९ मार्च
बाबांनी मानलं! साठची पाटी पाहून वेग कमी केला! मी हवेत.

मग जेवताना म्हणाले, "पुढे काहीच नव्हतं."

खरंच नव्हतं. ज्या बंद पडलेल्या मोटारीसाठी साठ लावले, ती क्रेनवाल्यानं केव्हाच उचलली होती. आणि मी? रस्ता किती शहाण्यासारखा चाललाय, ते कौतुकानं बघत बसले. साठ तसेच!

"खोटं बोलणाऱ्याचं मी एकदाच ऐकतो," बाबा म्हणाले आणि भात मागितला.

१० मार्च
नवा नियम, माझा मलाच. गाडी हलली की क्रेनवाल्यानं फोन करायचा, आणि आकडा बदलेपर्यंत मी तो ठेवू द्यायचा नाही. आज तो बिचारा विचारत होता, "ताई, झालं का? चहा निवतोय."

झालं! पाटी खरी, चहा गार.

१७ मार्च
आठवडाभर एकही पाटी खोटी नाही. क्रेनवाला आता थर्मास आणतो. बाबांना सांगितलं. त्यांनी पेपर उलटला. आई म्हणते, बापलेक एका आकड्यावरून भांडता, लोक ऐकतील तर हसतील.

२१ मार्च
कॅमेऱ्यात वळणाआड शाळेची बस रस्त्यावर आडवी उभी. मुलं अजून उतरत होती. पाट्या चाळीसवर आणल्या. अलीकडे रस्ता मोकळा, कुणाला काहीच दिसत नसणार. तरी एक टँकर हळू झाला, त्याच्यामागे सगळे. वळला, आणि बसच्या अलीकडे थांबला.

चालक खाली उतरला. मुलांकडे बघत राहिला. मग चष्मा काढून पुसला.

बाबा.