एकतीस पुड्या

४ एप्रिल ८८, सोमवार
सकाळी सहाला बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या ओट्यावर. भगवान, संतोष, मी. (यापुढे भ. आणि सं.) भ.ने पाठीवर सात गिरक्या घेतल्या, आठवीला तो सटकला आणि खांद्यावर आपटला. चूक त्याची नाही. सं.ने पावडर डब्यातून अशीच शिंपडली. एकीकडे ढीग, एकीकडे काहीच नाही. ब्रेकडान्सला फरशी कॅरमच्या बोर्डासारखी लागते, म्हणून पावडरही कॅरमचीच. कमी पडली तर कातडी सोलते, जास्त झाली तर माणूस फेकला जातो.

भ. खांदा चोळत म्हणाला, "दत्ता, तू कंपनीत बियाणं तोलून भरतो ना? मंग आमची पावडर बी भर की तोलून."

तो थट्टेत बोलला. मला पटले. १ मेला औरंगाबादला स्पर्धा. सत्तावीस दिवस.

६ एप्रिल, बुधवार
जेवणाच्या सुट्टीत पुड्या केल्या. नमुन्याच्या बिनछापाच्या लहान प्लॅस्टिक पिशव्या वापरल्या. शेतकऱ्याला बियाणे दाखवायला देतो त्या. काट्यावर दहा ग्रॅम. एक पुडी, एक नाच. पिशवीचे तोंड करवतीच्या पात्यावर दुमडायचे, कड केसभर बाहेर ठेवायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून एकदाच न्यायची. थांबले की भोक पडते, घाई केली की चिकटत नाही. चाळीस झाल्या. एकही वाया गेली नाही.

पिशव्या घेताना मालकांना विचारले नाही. विचारायला हवे होते.

संध्याकाळी दोघांना दाखवल्या. सं. म्हणाला, "अबे, हे तर बियाणंच झालं! भगवान एक नंबर, उगवण शंभर टक्के."

भ. म्हणाला, "मला पेरू नका रे. आधीच बापाला वावर न्हाई."

९ एप्रिल, शनिवार
तिसरी पुडी वापरली. बरोबर पुरते.

संध्याकाळी तिघे स्टेशन रोडने. रिक्षावाला ओरडला, "ए झिपऱ्या! गर्द हाय का गर्द?"

भ. थांबला, केस मागे टाकले, म्हणाला, "हाय की. घरी पुड्या भरून ठेवल्यात. किती पाहिजेत?" रिक्षावाले हसले, सं. हसला, मीही हसलो. मग भ.ला म्हणालो, असे बोलू नको. तो म्हणाला, "तू फार भेतो रे. केस वाढवले की लोक तेच म्हणतात. रोज कोणाकोणाला समजावू?"

नोंद : भ. सुपारीसुद्धा खात नाही. मी खातो.

१० एप्रिल, रविवार
घरी मामांनी पेपर मोठ्याने वाचून दाखवला. शहरात गर्दचे, म्हणजे ब्राउन शुगरचे व्यसन, कॉलेजची पोरे, वगैरे. पेपर खाली ठेवून म्हणाले, "ते जिनिंगवर उलटे नाचतात ते बी त्यातलेच. केस पाह्यले का? हातात मोजे, डोक्याला पट्टा. उन्हाळ्यात मोजे कोण घालतं? सुईचे डाग लपवायला घालतात." मामी म्हणाली, "अगंबाई."

मोजे संतोषच्या वडिलांनी शिवले आहेत, उरलेल्या कापडाचे. फरशीने तळवे भाजतात म्हणून.

मामा : "तू न्हाई ना जात त्यांच्यात?"

मी : "न्हाई."

मामा मामीला म्हणाले, "आपल्या दत्ताचं पहाय. केदारखेड्याहून आल्ता तसाच हाय अजून. केसाचा भांग हलला न्हाई."

मी टेप वाजवतो आणि पुड्या भरतो. नाचत नाही, म्हणजे लोकांसमोर नाही. म्हणून सांगितले ते अगदी खोटे नाही. असे लिहिले, पण ते खोटेच आहे.

१३ एप्रिल, बुधवार
भ.ने आज डोक्यावर गिरक्या घेतल्या. पहिल्यांदाच. चार! आतून जाड टोपी लागते. त्याच्या वडिलांनी कानटोपीला आतून घोंगडीचा तुकडा शिवून दिला आहे. घोंगडी आजोबांची, टेंभुर्णीकडे मेंढरे होती तेव्हाची. वडील आता मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलतात. ते भ.ला म्हणाले होते म्हणे, "डोक्यावर वझं आम्ही बी घेतलं. तू सोताच डोक्यावर उभा राह्यला."

भ. हे सांगताना उलटाच होता. चेहरा लाल. "मोज रे दत्ता, मोज."

मोजले. टाळूला टोपीची लोकर चिकटली होती. एवढ्या उकाड्यात.

१६ एप्रिल, शनिवार
आज मी सकाळी गेलो नाही. माल लवकर लावायचा होता, मालकांनी सहालाच बोलावले होते.

साडेआठला सं. गेटवर आला. पळत आल्ता. पायात एकच चप्पल.

"भग्याला नेलं."

त्याने सांगितले ते असे. नाच सुरू व्हायच्या आधीच पोलीस आले. कोणीतरी तक्रार केली होती. सं. भिंतीवरून पळाला. भ. पळाला नाही. म्हणाला, आपण काय केलं? त्याची बॅग ओट्यावर उपडी केली. टेप, मोजे, टोपी, मग पुड्या. एकतीस. जमादाराने एक उन्हात धरली आणि म्हणाला, "बापरे. किती साफ काम हाय."

सं. म्हणाला, "दत्ता, त्यांना डबा सापडला असता ना, तर तोंडाला फासून खेळले असते. पुड्या पाहूनच ते…"

  तो गेल्यावर आत जाऊन दोनशे ग्रॅमची सहाशे पाकिटे भरली. वजनात फरक आला नाही.

चाळीस वजा नऊ. एकतीस बरोबर.

१७ एप्रिल, रविवार
काही नाही. टँकर आला, दोन घागरी आणि एक बादली पाणी भरले. सुट्टीच्या न्यायाधीशांपुढे भ.ला उभे केले म्हणे. आठ दिवस कोठडी. पुड्यांतल्या पाच तपासायला औरंगाबादला पाठवल्या. उत्तर यायला महिना, दोन महिने, कोणी सांगू शकत नाही.

गर्द तपकिरी असते असे मामांच्याच पेपरात होते. पेपर शोधला. मामीने त्यात चपात्या गुंडाळून टाकल्या होत्या.

१८ एप्रिल, सोमवार
संध्याकाळी भ.ची आई घरी आली. दाराबाहेरच बसली. मामा आत, खोकत. त्यांना आवडले नाही.

"दत्ता बाळा, तुझं अक्षर मोत्यासारखं हाय म्हणत असतो भगवान. सायबाला एक अर्ज लिहून दे. आम्हाला कोणाला लिहिता येत न्हाई."

लिहिला. माझा मुलगा निर्व्यसनी असून, सदर पावडर ही कॅरम खेळण्याची असून. त्या सांगत गेल्या तसे. मध्येच विचारले, "अन् पुड्या कशाला केल्त्या रे त्यानं? डब्यात काय वाईट होती? तुला ठावं हाय का?"

पेन थांबले. मी म्हणालो, "मापाला."

"कशाच्या?"

"नाचाच्या."

त्या म्हणाल्या, "मंग तसं लिही."

लिहिले. पुड्या नाचाच्या मापासाठी केल्या असून. केल्या. कोणी, ते लिहिले नाही. वाक्य त्याशिवायही पूर्ण होते. त्यांनी अंगठा उठवला. शाई माझ्या बोटांना लागली, साबणाने जात नाही.

गेल्यावर मामा म्हणाले, "पुन्हा आली तर घरात न्हाई सांगीन."

१९ एप्रिल, मंगळवार
संतोषचे वडील ठाण्यातल्या शिपायांचे कपडे शिवतात. आज द्यायला गेल्ते. त्यांनी पाहिले ते सं.ने मला पानाच्या टपरीमागे सांगितले.

भ.चे केस कापले आहेत. उवा होतात म्हणून, असे सांगितले. वेडेवाकडे कापले आहेत, मागे एक बट तशीच.

जमादाराने विचारले, पुड्या कोणी भरल्या? भ. म्हणाला, मी. मग भरून दाखव, म्हणाले. पुढ्यात मेणबत्ती, पाते, रिकाम्या पिशव्या. भ.ने तीन जाळल्या. चौथीला अंगठा भाजला. तरी म्हणाला, "मीच भरल्यात. आज हात चालून न्हाई राह्यला."

जमादार संतोषच्या वडिलांना म्हणाला, "पोरगं कोणाला तरी झाकून राह्यलं. भरणारा मोठा माणूस हाय. धंदेवाला. त्यो सापडला की हे सुटतंय."

सं. माझ्याकडे पाहत होता. म्हणाला, "मी काही सांगणार न्हाई. तू तुझं पाहून घे."

मी त्याला सुपारी दिली. त्याने घेतली नाही.

२१ एप्रिल, गुरुवार
मालकांनी नव्या पोरांपुढे माझी पुडी धरली. "शिका. ही सील पहा, आडवी रेघ, कुठं फुगा न्हाई. अख्ख्या नवीन जालन्यात अशी पुडी दुसरा कोणी करत न्हाई."

पोरांनी हातात घेऊन पाहिली. मी मान खाली घातली. त्यांना वाटले लाजतो आहे.

मालक मग ठाण्याची बातमी काढून बसले. "केस वाढवले की डोकं गेलंच. आपल्या दत्तासारखे चार असते तर गाव सुधरलं असतं."

नमुन्याच्या पिशव्यांचा गठ्ठा अजून कोणी मोजला नाही.

२३ एप्रिल, शनिवार
सहाला जिनिंगवर. एकटाच. टेप नाही, तो जप्त आहे. ओट्यावर १५ तारखेच्या पावडरचा गोल अजून पुसट दिसतो. शेळ्यांची पावले त्यातून गेली आहेत.

गोलाच्या मध्ये उभा राहिलो. लाट करून पाहिली : बोटे, मनगट, कोपर, खांदा, तिकडून दुसऱ्या हाताला. ही एक मला चांगली येते, भ. म्हणायचा अंगात हाडं न्हाईत तुझ्या. आज खांद्याशी आली आणि थांबली. पुन्हा केली. तिथेच थांबते. दुखत वगैरे नाही.

सात वाजता कामावर गेलो.

२४ एप्रिल, रविवार
कोठडी उद्या संपते. अकराला कोर्ट. वाढवून मागणार, असे संतोषच्या वडिलांना समजले. भरणारा सापडेपर्यंत.

सांगितले तर : काम जाईल. मामा घरात ठेवणार नाहीत. केदारखेड्याला कळेल. आणि त्याच्या जागी मीच आत.

न सांगितले तर : हे लिहायला घेतले, लिहिता येईना. जागा सोडतो.



पाते, मेणबत्ती, काडीपेटी, चार पिशव्या, डब्यातली उरलेली थोडी पावडर कागदात. शर्टाला इस्त्री केली.

२५ एप्रिल, सोमवार
सव्वानऊ. ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर लिहितो आहे.

साडेआठला आत गेलो. जमादार चहा पीत होते. म्हणाले, "काय हरवलं?"

मी म्हणालो, "काही न्हाई. भगवानच्या पुड्या मी भरल्यात."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. भांग, कॉलरचे बटण, खिशाला पेन. "कोणी पाठवलं तुला? त्याच्या मायनं?"

"कोणी न्हाई. मी बियाण्याच्या कंपनीत भरणीला आहे. पिशव्या तिथल्या. पावडर कॅरमची. फरशीवर टाकायला. त्याला ह्यातलं काही येत नाही."

"हे बघ बाळ, दोस्ती चांगली गोष्ट हाय. पण तू त्यातला न्हाई. पाहून कळतं. तीस वर्षं तेच काम हाय माझं. चांगल्या घरचा हायेस, कामावर जा, उशीर होईल."

बसलेला शिपाई म्हणाला, "ह्याला तर गर्द कशाशी खातात ते बी ठावं नसेल." दोघे हसले.

मी पिशवीतून सामान काढून टेबलावर मांडले. मेणबत्ती लावली. पंख्याने विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. मी म्हणालो, "पंखा बंद करता का?"

जमादार अजून हसतच होते. मानेने खूण केली. शिपायाने पंखा बंद केला.

पावडर घातली. तोंड पात्यावर दुमडले. कड ज्योतीवरून नेली.   पुडी त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी ती उचलली. कड नखाने ओढून पाहिली. खिडकीकडे धरली. हसणे थांबले होते. म्हणाले, "अजून एक कर."

केली.

शिपायाला कपाट उघडायला सांगितले. त्याने गाठोडे आणले. त्यातली एक पुडी माझ्या दोन्हींच्या शेजारी ठेवली. तिन्हींवर तीच रेघ.  खोलीत उकडायला लागले होते, पंखा लावायचे कोणाला सुचले नाही.

मग ते म्हणाले, "नाव सांग. पूर्ण." मी सांगितले. त्यांनी लिहून घेतले. "बाहेर बस. सायब येऊ दे. कुठं जायचं न्हाई." आता बाळ नाही.

कोठडी बाकावरून दिसत नाही. मघाशी आतून भ.चा आवाज आला, "कोण आलंय?"

शिपाई म्हणाला, "तुझा पुड्यावाला."



कंपनीत हजेरी झाली असेल. पाते आणि मेणबत्ती त्यांनी टेबलावरच ठेवून घेतली आहेत. दोन पिशव्या उरल्यात, खिशात आहेत. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ. अकराला कोर्ट. साहेबांची जीप अजून आलेली नाही.