समोरून उघडणारी पिकअप : माझा अंतिम अभिप्राय

३ मार्च, सोमवार
आज फोन आला. येणारच होता, फक्त तीन वर्षं उशिरा. एका नव्या कंपनीने विजेवर चालणारी पिकअप बनवली आहे. बाजारात आणण्याआधी मी ती महिनाभर वापरावी आणि मत द्यावं, अशी त्यांची इच्छा. डिझेल ट्रकच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला नाही विचारणार तर कोणाला? मत तयार आहे : चालणार नाही. आता फक्त गाडी यायची बाकी.

अभिप्राय चोख दिला की कंपनी सल्लागाराची खुर्ची देईल. देईलच. खुर्चीची गरज आहे. सध्या हे इस्त्रीच्या टेबलावर लिहितोय, कारण हॉलमध्ये हिची गणिताची शिकवणी. चार ते आठ मला बेडरूमबाहेर यायला बंदी. बंदी म्हणजे, मीच मोठ्या मनाने येत नाही. निवृत्तीनंतर एकदा गेलो होतो आणि फळ्यावरचं उत्तर दुरुस्त केलं होतं. ते आधी बरोबर होतं.

५ मार्च, बुधवार
गाडी आली. हसू आवरेना. बाजूला दारंच नाहीत. गाडीचं अख्खं तोंड काचेसकट फ्रिजसारखं उघडतं, आणि त्यातून आत शिरायचं. ड्रायव्हर मधोमध, दोन सीटा त्याच्या मागे. त्यामागे मालाचा हौदा. केबिन आणि हौदा यांच्यामध्ये एक सरकती खिडकी.

सोबत चष्मेवाली इंजिनियर. समजावून सांगायला लागली. थांबवलं. बारा गावचं पाणी प्यायलेल्याला पेला कसा धरायचा ते शिकवू नये. म्हणाली, सर, निदान पार्किंगचं तेवढं ऐकून घ्या. मी म्हणालो, पार्किंगवर मी भाषण दिलंय. (कँटीनमध्ये. पण दिलंय.)

६ मार्च, गुरुवार, दुपारी (केबिनमधून)
गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाक भिंतीला टेकवून लावली. मधून बोटसुद्धा जाणार नाही. उतरायला गेलो तेव्हा लक्षात आलं की दार भिंतीच्या दिशेला आहे.

रिव्हर्स टाकणार, एवढ्यात स्क्रीनवर प्रश्न : नवीन सॉफ्टवेअर आत्ता घ्यायचं का? हो दाबलं. यंत्राला नाही म्हटलं की ते पुन्हा विचारतं. आता गाडी जागची हलत नाही.

अडकलो असं म्हणणार नाही. बैठकीच्या आरामाची दीर्घ चाचणी सुरू केली आहे.

थोड्या वेळाने
सेक्रेटरींनी बाजूच्या काचेवर टकटक केली. काय चाललंय असं खुणेने विचारलं. मी अंगठा वर केला. ते गेले आणि आणखी दोघांना घेऊन आले.

ही आली. हौद्यात चढून मागच्या खिडकीतून म्हणाली, अहो, किती वेळ? मी म्हणालो, चाचणी संपेपर्यंत. हिने चहा आत दिला आणि इंजिनियरला फोन लावला. उत्तर : अजून दीड तास. घाई असेल तर सर मागच्या खिडकीतून बाहेर येऊ शकतील.

संध्याकाळी (घरून)
खिडकीतून येता येतं, हे खरं. खांदे आले. छाती आली. पोटाशी मात्र गाडीचं आणि माझं एकमत झालं नाही. पुढे जाईना, मागे जाईना. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण त्यात मधे अडकलेल्याचे पाय कोणत्या बाजूला असतात ते कोणी सांगत नाही. हिची बॅच खाली आली. हिने वेळ वाया घालवला नाही, तिथेच वर्तुळाचा परीघ शिकवला. उदाहरण समोर होतं.

शेवटी वॉचमनने बखोटीला धरून ओढलं.

अभिप्रायात नोंद : एकाच वेळी आतून आणि बाहेरून पाहणी केली. या क्षेत्रात असं करणारा बहुधा मीच पहिला.

९ मार्च, रविवार
डावा पाय दिवसभर क्लच शोधतो. दोष गाडीचा. पायाला माझ्याइतकाच अनुभव आहे.

निश्चय : आजपासून गरज असेल तेव्हाच गाडीत बसायचं.

१४ मार्च, शुक्रवार
चार ते आठ गाडीत बसलो. कुठे गेलो नाही. सीटची फेरतपासणी. रोजच करतोय.

केबिन फार शांत आहे. हा गंभीर दोष आहे. डिझेलच्या आवाजात माणसाला विचार सुचत नाहीत, इथे सुचतात. तीन वर्षांत कारखान्यातून एकानेही फोन करून काही विचारलं नाही, हा विचार आज आला. मग आपणच तिथे असताना कोणाला काय विचारत होतो, हाही आला. काच खाली करायला गेलो, तर ती खाली होत नाही.

आठ वाजता ही जेवायला बोलवायला आली. म्हणाली, घरात या. हॉल रिकामा झालाय. मी म्हणालो, दहा मिनिटांत येतो. ही मागच्या सीटवर येऊन बसली. दोघं अर्धा तास भिंतीकडे पाठ करून बसलो. याची नोंद अभिप्रायात करायची की नाही, ठरलेलं नाही.

१९ मार्च, बुधवार
पिस्टनचं घर हलवलं. हा माझा कारखान्यातला सोबती. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागायचं. ती गेल्या वर्षी गेली, आता मुलाकडे एका खोलीत राहायला चाललाय. टेम्पोवाला आला नाही, म्हणून मी भार-चाचणी जाहीर केली. कपाट, वॉशिंग मशीन, दोन ट्रंका.

मुलाचं घर टेकडीवर. चढावर पहिला गिअर टाकायला हात गेला. गिअर नाही. गाडी गुरगुर न करता, धूर न सोडता, चालत यावं तशी वर गेली. मागच्या सीटवर पिस्टन. इंजिन कुरकुरलं की टपली मारून बरं करणारा माणूस. इथे इंजिनच सापडेना, म्हणून पुढे वाकून स्क्रीनला एक टपली मारली.

वर पोचल्यावर म्हणाला, चांगली आहे रे. मग म्हणाला, म्हणजे आपण गेलो.

मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, वेडा आहेस. कंपनी मला सल्लागार करतेय, दुसरा माणूस मीच निवडायचा आहे, आणि तो तू. हे सगळं तेव्हाच सुचलं. त्याने मशीन एकट्याने उचलायला घेतलं. मी ओरडलो तेव्हा ठेवलं.

२१ मार्च, शुक्रवार
पिस्टनचा फोन : सल्लागारांना शर्ट खोचावा लागतो का?

२२ मार्च, शनिवार
पिस्टनचा फोन : बूट घेतले.

२६ मार्च, बुधवार
अभिप्राय पूर्ण. 'चालणार नाही' खोडून 'चालेल, पण आमच्या देखरेखीखाली' केलं. याला तडजोड म्हणत नाहीत, दूरदृष्टी म्हणतात. हिला वाचून दाखवला. म्हणाली, खिडकीत अडकलात ते कुठाय? मी म्हणालो, ते किरकोळ.

२८ मार्च, शुक्रवार
कंपनीत गेलो. फाइल टेबलावर ठेवली. चष्मेवालीने ती आदराने बाजूला सरकवली.

म्हणाली, सर, तुमची फार मदत झाली. गाडी स्वतःच सगळं नोंदवत होती. भिंतीला नाक लावणं, वाटेल त्या प्रश्नाला हो म्हणणं, चालत्या गाडीत स्क्रीनवर टपली मारणं. आमच्या ऑफिसात हे कोणाला सुचलंच नसतं. तुमच्यामुळे आता मागच्या बाजूलाही दार येतंय.

मी विचारलं, मला का निवडलंत? तिने चष्मा पुसला. म्हणाली, ज्याला सगळं येतं अशी खात्री आहे, पण ही गाडी येत नाही, असं कोणीतरी हवं होतं. गैरसमज नको, सर. असे लोक गाड्या विकत घेतात.

मग म्हणाली, दर मंगळवारी याल का? काही लिहायची गरज नाही. नुसतं वापरायचं. मनात येईल तसं.

उठून बाहेर पडावं असं वाटलं. डोळ्यांसमोर पिस्टनचे बूट आले. मी म्हणालो, माझे एक सहकारी आहेत. तिने जपून विचारलं, तेही तुमच्यासारखेच का? मी म्हणालो, नाही. माझ्याहून वाईट.

तिचा चेहरा खुलला. म्हणाली, घेऊन या.

गाडी त्यांनी ठेवून घेतली. बसने घरी आलो. उभ्याने.

३० मार्च, रविवार
पिस्टनला सांगायचं कसं, याचे तीन मसुदे केले. हिने एकही वाचला नाही. फोन लावून माझ्या हातात दिला आणि शेजारी उभी राहिली.

सांगितलं. खुर्ची नाही. सल्ला कोणाला नकोय. दर मंगळवारी जायचं, गाडीत बसायचं आणि चुका करायच्या.

मागे त्याच्या सुनेचा टीव्ही ऐकू येत होता.

मग म्हणाला, अनुभव आहे. डबा आणू का?

मी म्हणालो, आण.