पुढची नोंद पुढच्या वर्षी

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (लांबूनच, कारण भाऊजींनी सकाळपासून माझा फोन न उचलण्याचं व्रत घेतलंय आणि तुझा फोन नेहमीसारखा बंद आहे). आम्ही ठीक. बाबांची पाठ कशी आहे? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कशी असणार म्हणा, पण विचारायची रीत आहे.

तर ते यंत्र. शेजाऱ्यांनी तळघरासाठी खड्डा खणला, बाबांच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला, आणि भाऊजींनी कंत्राटदाराला सोडून मला बोलावलं. मी तड्यावर मोजयंत्र चिकटवलं आणि त्यानं कधी मोजायचं याचा प्रोग्राम लिहिला. हिशेब सरळ होता: जमीन आधी भराभर खचते, मग सुस्तावते. म्हणून नोंदी सुरुवातीला दाटीवाटीनं घ्यायच्या आणि पुढे दर वेळी दोन नोंदींमधलं अंतर दुप्पट करायचं. (शून्यापासून सुरू करायला गेलो तर गाडी पुढे सरकेना. शून्याची कितीही दुपटी करा, शून्यच. प्रोग्राम कोसळला. पण तो कोसळला तर पुन्हा उभा करता येतो.) दर नोंदीला यंत्र टिंग करून वाजायचं, बाबा दचकायचे आणि भाऊजी आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. त्यात तूही येतेस हे त्यांच्या गावीही नसायचं. शेवटी मी प्रोग्राममधला एकच आकडा बदलला, दोनाच्या जागी पाच. अंतर दर वेळी पाचपट. यंत्र गप्प झालं आणि भाऊजींनी मला पहिल्यांदा आपणहून चहा विचारला.

बाबा तेवढे म्हणत राहिले, "अरे, भिंत करकरतेय." आपण हसलो. मी तर आलेख काढून दिला, बघा, रेघ कशी सपाट झालीय. भाऊजींनी तो फ्रिजवर चिकटवला. मधल्या काळात कुणी मोजतच नव्हतं, मग रेघ सपाट नाही तर काय होणार?

आज सकाळी नोंद आली. एवढ्या दिवसांत मिळून वाढला नव्हता तितका तडा या एका अंतरात वाढलाय. जमीन सुस्तावते, भिंत मात्र आधी रेंगाळते आणि शेवटी घाई करते. मी नोंदींची सगळी गर्दी नेमकी चुकीच्या टोकाला केली. भाऊजींना म्हटलं, बाबांना तिथून हलवा, तर म्हणाले तुझाच आलेख सांगतोय सगळं ठीक आहे, आणि फोन आपटला. ताई, मला फार भीती वाटतेय. यंत्र निवांत आहे. त्याची पुढची नोंद पुढच्या वर्षी.

भाऊजींना नमस्कार, जरा जास्तच वाकून.

तुझा धाकटा

ता. क. कंत्राटदाराला तड्याचा फोटो दाखवला. त्यानं विचारलं, "आत कोण झोपतं?" मी सांगितलं. त्यानं फोटो परत दिला आणि चपला घातल्या. त्याला घेऊन मागोमाग निघतोय.

ता. क. पत्र घेऊन आलेला माणूस टेम्पोवाला आहे. त्याला चहापाणी विचारत बसू नकोस. दोघा-तिघांनी गादीसकट बाबांना उचला. सामान राहू दे. भाऊजी भिंतीजवळ जाऊन यंत्र तपासायला निघतील, त्यांना अडव.

ता. क. हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. पत्रातही मी गर्दी सुरुवातीलाच केली बघ. बाहेर पडलात की बाबांना सांग, भिंत खरंच करकरत होती.